आधी शिवणीवर एक थेंब

८ जुलै

मामा,

मी तुमची भाची. सख्ख्या मामाला अशी ओळख द्यावी लागते म्हणजे कमालच आहे. पण तुम्ही गेलात तेव्हा मी आठ वर्षांची होते, माझे पुढचे दोन दात पडलेले होते आणि तुम्ही मला बुडबुडी म्हणायचात. आता दात आलेत. बुडबुडी मात्र कोणी म्हणत नाही.

दर वर्षी माझ्या वाढदिवसाला तुमचं पाकीट येतं. आत एक पांढरा रुमाल, कडक इस्त्रीचा, कोपऱ्याला कोपरा असा जुळवलेला की पट्टी लावून बघावं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आई पाकीट माझ्या हातात देते, "घे, आला तुझा रुमाल," म्हणते आणि लाँड्रीच्या काउंटरवर जाऊन पहिल्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसते. असे नऊ रुमाल जमलेत. एकानेही मी नाक पुसलेलं नाही. पाकिटामागे तुम्ही काम करता त्या हॉटेलचा पत्ता असतो, त्यावरच हे लिहितेय.

आता मुद्द्याचं बोलते. मला ब्रिटनमधल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायचं आहे. शाळेचं शेवटचं वर्ष आहे, अर्ज ऑक्टोबरच्या मध्याला जायला हवा. काल करिअरच्या मॅडमनी बोलावलं. पोहण्याची पदकं आणि वक्तृत्वाचा कप अशी सगळी भांडीकुंडी मी सांगून टाकली. त्या म्हणाल्या, "हे सगळं छान आहे गं, पण त्यांना यातलं काही नकोय. मार्क तर अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच असतात. तुला रसायनशास्त्र आवडतं ना? मग शाळेनं सांगितलेलं नसताना, परीक्षेत येणार नसताना, तू त्या विषयात काय केलंस?"

काहीच केलेलं नाही. मार्क मिळवले, बस्स.

घरी आले आणि रागारागाने लाँड्रीच्या माळ्यावर चढले. (राग आला की मी उंचावर जाते, हे तुमच्या वेळेपासूनच आहे असं बाबा म्हणतात.) तिथे हँगरच्या खोक्याखाली एक जाड वही सापडली. वर तुमच्या अक्षरात 'डाग'. आत एकशे सोळा पानं. चहा, शाई, रक्त, गंज, बीट, गवत, डांबर, लिपस्टिक. प्रत्येक डाग कशावर पडला, काय लावलं, गेला की नाही. नाही गेला तर तसं स्पष्ट लिहिलंय. शेवटचं पान कोणीतरी फाडलंय, पण बाकी वही शाबूत आहे. मामा, मी पायरीवर बसून ती वाचली. ही प्रयोगवही आहे! आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत इतकी खरी वही कुणाची नाही. आमची उत्तरं आधी ठरतात, मग प्रयोग होतो.

तर मला हे सगळं स्वतः करून बघायचं आहे, आणि प्रत्येक डागाच्या मागचं रसायनशास्त्र शोधायचं आहे. अडलं की तुम्हाला विचारायचं. चालेल?

तुमचं आणि आईचं का बिनसलं त्यात मला पडायचं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की गाणाऱ्या बाईंचा झगा तुमच्या हातून बिघडला, आई नको ते बोलली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग उचलून गेलात. मी फक्त डागांबद्दल लिहीन.

वहीच्या पहिल्याच पानावर आहे: 'कोणताही डाग असो, आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघावं. कापड बिघडलं नाही तरच पुढे जावं.' हे पत्र म्हणजे तो थेंब समजा.

ता. क. बाबांच्या शर्टावर गंजाचा डाग होता. मी ब्लीच लावलं. डाग जायच्या ऐवजी पक्का झाला. असं का?

तुमची भाची


२७ जुलै

मामा, मामा, मामा!

पोस्टकार्ड आलं! तीन ओळी, पण आल्या! 'गंजावर ब्लीच घालणाऱ्याला या धंद्यात माफी नाही. लिंबू, मीठ, ऊन. आणि मला अहो-जाहो करू नकोस, म्हातारा झाल्यासारखं वाटतं.'

बरं बाबा. अरे मामा, तर मग.

लिंबू, मीठ, ऊन केलं. शर्ट गच्चीवर वाळत घातला आणि दर दहा मिनिटांनी जिन्यावरून वरखाली पळत होते. तिसऱ्या खेपेला डाग फिका, पाचव्या खेपेला गायब. बाबा म्हणाले, "शर्टाचं ठीक आहे, पण जिन्याच्या पायऱ्या झिजल्या." मग मी वाचनालयात जाऊन कारण शोधलं. गंज म्हणजे लोखंडानं आधीच ऑक्सिजन धरलेला असतो. ब्लीचचं कामच मुळी ऑक्सिजन द्यायचं, त्यामुळे ते गंजाचं काही वाकडं करू शकत नाही. लिंबातलं आम्ल मात्र लोखंडाला धरून पाण्यात ओढून नेतं. तू हे शाळेत शिकला नव्हतास आणि तरी तुला माहीत होतं. मी शाळेत शिकले आणि तरी मला माहीत नव्हतं. लाज वाटली, पण गंमत जास्त वाटली.

आता मी रोज शाळा सुटल्यावर मागच्या खोलीत असते. तुझं डागांचं टेबल अजून तिथेच आहे, पण त्यावर आईनं रद्दी, कुंड्या आणि बिघडलेला पंखा ठेवलाय. ती स्वतः डाग काढते ते मोरीच्या कट्ट्यावर, वाकून, कंबर धरून. टेबल रिकामं कर म्हटलं तर म्हणते, "असू दे तसंच." म्हणून मी इस्त्रीच्या फळीवर प्रयोग करते. तिला सांगितलंय, शाळेचं काम आहे.

पुढचा प्रश्न. पान एकतीसवर लिहिलंस की आपलं रक्त कपड्याला लागलं तर आपलीच थुंकी लावावी. हे खरं की तुझी फेकाफेकी?

बुडबुडी


१६ ऑगस्ट

मामा,

निकाल ऐक. बोटाला सुई टोचून (तीनदा, कारण पहिल्या दोनदा मी भ्यायले) सुती कापडाच्या सहा तुकड्यांवर रक्ताचे थेंब टाकले. दोनांना थुंकी, दोनांना गार पाणी, दोनांना गरम पाणी. गरम पाण्यानं डाग भाजून बसला, तो आता जन्मभर जात नाही. पण थुंकी आणि गार पाणी यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हणजे मामा, तुझं चुकलं! आणि खरं सांगू, तुझं चुकलेलं मी हातानं शोधून काढलं याचा मला इतका आनंद झाला की मी मागच्या खोलीत एकटीच नाचले. तेवढ्यात आई आली.

आता सगळं उघड झालंय. तुझी वही, तुझी चार पोस्टकार्डं, रक्ताचे तुकडे, सगळं फळीवर मांडलेलं. आईनं पोस्टकार्ड उचललं, अक्षर बघितलं आणि तसंच खाली ठेवलं. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. ती काउंटरवर परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाच्या कोटाचे खिसे तपासता तपासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला म्हणावं, पान चौदावर रक्ताला मीठ लिहिलंय, ते उगाच आहे. गार पाणी पुरतं."

तेवढंच मी तुला कार्डावर कळवलं. तुझं उत्तर आलं: 'तिला सांग, मीठ तिनेच लिहायला लावलं होतं.' मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खोटारडा." पण मामा, कोटाच्या बाहीआड तोंड लपवून ती हसत होती. मी बघितलंय.

म्हणजे आता मी तुमच्या दोघांची टपालपेटी झालेय. माझी हरकत नाही. परवा तिनं विचारलं, "त्या हॉटेलात त्याला जेवायला मिळतं का वेळेवर?" मी म्हटलं, हा प्रश्न डागांबद्दल नाही, मी लिहिणार नाही. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. तर लिहितेय. जेवतोस का वेळेवर?

करिअरच्या मॅडमना वही आणि माझे तक्ते दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "हे हवं होतं मला. हेच लिही." मी अर्जाचा पहिला मसुदाही नेला होता, त्यात मी न वाचलेल्या तीन जाड पुस्तकांची नावं होती. त्यांनी ती तिन्ही खोडली.

आता मोठा प्रयोग करणार आहे. ब्लीच आणि निरनिराळी कापडं. कोण किती टिकतं ते बघायचं.

बुडबुडी


३ सप्टेंबर

मामा,

प्रयोग झाला. सहा वाट्या घेतल्या. सूत, नायलॉन, लिनन, लोकर, रेशीम, आणि सहाव्या वाटीत बाबांच्या मिशांची कात्रण. (त्यांनी आनंदानं दिली असं म्हणता येणार नाही.) सगळ्यात सारखंच ब्लीच, सकाळी शाळेला जाताना घातलं. संध्याकाळी सूत, नायलॉन, लिनन होते तसे. लोकर, रेशीम आणि मिशा वितळल्या होत्या. रेशमाच्या वाटीत तर काहीच उरलं नव्हतं, नुसतं पिवळसर पाणी.

कारण वाचलं. रेशीम आणि लोकर म्हणजे केसांसारखीच, प्रथिनं. ब्लीच त्यांच्या साखळ्या तोडतं.

बाकी ठीक. अभ्यास चाललाय. आई बरी आहे.

एक विचारायचं होतं. सहजच. गाणाऱ्या बाईंचा तो झगा रेशमी होता का?


२१ सप्टेंबर

मामा,

तुझी तीन पत्रं आली. 'रेशमीच होता, का विचारतेस?' हे पहिलं. मग 'आजारी आहेस का?' मग 'अर्जाचं काय झालं, लिही.' मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आई दोनदा विचारून गेली की तुमचं भांडण झालं का. तुमच्या घराण्यात न बोलण्याची खोडच आहे, आणि ती माझ्यातही उतरलीय. पण आता सांगते. एका दमात लिहिते, नाहीतर हे पान फाडून टाकीन.

तो झगा मी बिघडवला.

मला या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. रेशमाच्या रिकाम्या वाटीकडे बघत उभी होते आणि एकदम सगळं आठवलं. पांढरा झगा मागच्या खोलीत खुंटीला टांगलेला होता. बाहीवर चहाचा शिंतोडा होता. तू आईला म्हणालास, "उद्या सकाळी बघतो, रेशमाला घाई चालत नाही." मग तुम्ही दोघं पुढे काउंटरवर गेलात. तू टेबलक्लॉथ पांढरे करायला जे पाणी वापरायचास, त्याला मी जादूचं पाणी म्हणायचे. त्याला हात लावायची मला बंदी होती. मी स्टुलावर चढले, मापाच्या कपात बोटं बुडवली आणि त्या शिंतोड्यावर दाबली. डाग फिका झाला, मग दिसेनासाच झाला. मामा, मी इतकी खूश झाले होते! मला वाटलं, मी तुझं काम करून टाकलं. बंदी होती म्हणून कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहिल्याच गाण्याला हात वर केला आणि बाही कोपरापर्यंत फाटत गेली. हे मला आईच्या ओरडण्यातून कळलं. "एवढी वर्षं काम करून रेशमावर काय घालायचं ते कळत नाही तुला? उद्यापासून त्या टेबलाला हात लावू नकोस!" तू ती बाही हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "माझं चुकलं, ताई." मी दाराआड होते. मला काहीच उमगलं नाही. मोठ्यांच्या हातून कसली तरी चूक झाली असेल असंच वाटलं. बोटं लावली ही गोष्ट आणि झगा फाटला ही गोष्ट, या दोन्ही माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्याच नाहीत. आल्या त्या नऊ वर्षांनी, वाटीत.

आता अर्जात पहिलाच प्रश्न आहे, हाच विषय का. मी काय लिहू? मी ज्या विषयात हुशार म्हणून मिरवायला निघालेय, त्याच विषयातल्या माझ्या अडाणीपणानं तुझं घर सुटलं. तुझं टेबल गेलं. आईचा भाऊ गेला. मला माफ कर असं लिहायलाही लाज वाटते, तरी लिहिते. मला माफ कर, मामा. रडून पानाला डाग पडलेत. ते फक्त पाणी आणि मीठ आहे, वाळलं की जाईल, पण तू बघशील म्हणून सांगते.

आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. पण तू दे.

बुडबुडी


५ ऑक्टोबर

मामा,

पाकीट जाड होतं. मला वाटलं, रुमालच असणार. आत घडी केलेलं जुनं पान निघालं, कडेला फाटलेलं. वहीला लावून बघितलं. बरोब्बर बसलं.

पान एकशे सतरा. आईला वाचून दाखवण्याआधी मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय. 'पांढरं रेशीम, बाहीवर चहा. सकाळी बघतो तर डाग नव्हता. ताईनं काढला असेल असं वाटलं. विचारायला हवं होतं. न विचारता इस्त्री फिरवली. झगा परत आला तेव्हा बाहीवर पाच पिवळे ठसे दिसले, लहान बोटांएवढे. ब्लीचचा कप उघडा मीच ठेवला होता. चूक माझी. पोरीला कळता कामा नये.'

आणि त्याबरोबर तुझी ताजी चिठ्ठी: 'बुडबुडे, मला त्याच दिवशी समजलं होतं. राहिलो असतो तर ताईशी रोज वाद झाला असता आणि एक दिवस रागात माझ्या तोंडून गेलं असतं. आठ वर्षांच्या पोरीनं ते आयुष्यभर वाहिलं असतं. म्हणून गेलो. परत यायचं रोज ठरवलं, मग मानही आडवा आला. त्यात तुझा काही दोष नाही. डाग तू काढलास हेही खरंच आहे. फक्त शिवणीवर थेंब टाकायचा राहिला.'

शेवटचं वाक्य वाचून मी रडता रडता हसले. असा कसा रे तू?

आईला सगळं सांगितलं. आधी माझं, मग तुझं पान हातात दिलं. तिनं ते उभ्यानं वाचलं. मग एका शर्टाची कॉलर घासायला लागली. कॉलर कधीच स्वच्छ झाली होती, तरी घासत होती. बाबा म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकाला शर्ट परत द्यायचाय, नुसती बटणं नाही." तेव्हा ती थांबली. खाली बसली. म्हणाली, "माझं चुकलं. एकदा साधं विचारलं असतं तरी चाललं असतं. नऊ वर्षं माझं चुकलं." मी तिला मिठी मारली. मला वाटलं होतं, माझ्यावर आभाळ कोसळेल. तिनं माझी बोटं हातात घेतली, मोजल्यासारखी एकेक धरून बघितली आणि म्हणाली, "एवढीशी होती गं ही." मग आम्ही तिघंही रडलो. बाबांना विचारलं तुम्ही का रडताय, तर म्हणाले, "मिशा गेल्या ना माझ्या."

आज सकाळी उठून बघते तर टेबल रिकामं. रद्दी गेली, कुंड्या गच्चीवर गेल्या, पंखा भंगारात गेला. आईनं ते सोड्यानं घासून वर पांढरं कापड पसरलंय. मला म्हणाली, "त्याला लिही, टेबल रिकामं आहे. बाकी त्याचं तो बघेल." मी म्हटलं, तू का नाही लिहीत? तर म्हणाली, "मला काही तुझ्यासारखं लिहिता येत नाही." तर मी लिहितेय. टेबल रिकामं आहे, मामा.

अर्ज काल पुरा केला. पहिलं वाक्य असं आहे: 'आठ वर्षांची असताना मी एका गायिकेच्या रेशमी बाहीवरचा चहाचा डाग काढला, आणि बाहीही काढली.' मॅडम म्हणाल्या, "हे ठेवायचं? नक्की?" मी म्हटलं, नक्की. बाकी मजकुरात एकाही पदकाचा उल्लेख नाही. सहा वाट्या आहेत, थुंकीचा प्रयोग आहे, आणि तू आहेस.

बुडबुडी


१३ डिसेंबर

मामा,

मुलाखत झाली! संगणकावरच होती. तिकडे दोन प्राध्यापक, इकडे मी मागच्या खोलीत तुझ्या टेबलाशी, दाराबाहेर आई गिऱ्हाइकांना खुणेनं गप्प करतेय.

पहिली पाच मिनिटं सहा वाट्यांवरच गेली. मग प्राध्यापकबाईंनी विचारलं, सूत ब्लीचमध्ये टिकतं म्हणतेस, ते कायमचं टिकेल का? मला माहीत नव्हतं. आधी वाटलं, काहीतरी ठोकून द्यावं. मग तुझी वही आठवली, 'नाही गेला' असं जिथे स्पष्ट लिहिलंय ती पानं. मी म्हटलं, "माहीत नाही. माझा प्रयोग एका दिवसाचा होता. पण हॉटेलचे टेबलक्लॉथ वर्षभरात विरतात, म्हणजे बहुतेक तेही तुटत असेल, फक्त सावकाश." त्या म्हणाल्या, मग ते कसं तपासशील? आणि मामा, तिथून पुढे मी मुलाखतीत आहे हेच विसरले. आम्ही तिघं वाद घालत होतो. वजनं टांगून धागा किती ताणला की तुटतो ते दर आठवड्याला मोजायचं, इथपर्यंत पोचलो. दुसरे प्राध्यापक कागदावर आकृती काढायला लागले. शेवटी त्यांनी विचारलं, हे सगळं तुला शिकवलं कोणी? मी म्हटलं, "माझ्या मामानं. नऊ वर्षं एक शब्दही न बोलता."

बाहेर आले तर आई म्हणाली, "काय झालं, काय झालं, मेलं काही ऐकू येत नव्हतं!" म्हणजे दाराला कान लावून उभी होती.

घेतील की नाही ते जानेवारीत कळेल. नाही घेतलं तर मी रडेन, हे आताच सांगून ठेवते. पण धागे टांगायचे ते टांगणारच आहे.

हॉटेलनं सुट्टी दिली हे वाचून बाबांनी व्हॅन धुतली. स्टेशनावर आम्ही तिघंही येतोय. मी तुला ओळखीन. तू मला ओळखशील की नाही कोण जाणे, म्हणून हातात रुमाल धरून उभी राहीन. नऊच्या नऊ.

बुडबुडी


१८ जानेवारी

मामा,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू खाली टेबलाशी आहेस, आईशी वाद घालतोयस की बिटाच्या डागाला आधी पाणी की आधी व्हिनेगर. आवाज इथपर्यंत येतोय. तीन आठवडे झाले, तुमचं दोघांचं एकदाही कशावर एकमत झालेलं नाही. घर भरल्यासारखं वाटतं.

तू आलास त्या दिवसाबद्दल एक सांगायचं राहिलंय. स्टेशनवर आईनं आधी तुझी बॅग उचलली आणि ती सोडेचना. घरी येऊन तुला टेबलापाशी बसवलं, त्या नव्या पांढऱ्या कापडावर चहाचा कप ठेवला आणि ठेवता ठेवता तिचा हात लागला. सगळा चहा कापडावर. तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "गार पाणी!" आणि दोन्हीकडून वाकून टिपायला लागलात. "बाहेरून आत टीप, ताई!" "मला शिकवू नकोस, तुझ्याआधीपासून टिपतेय मी!" आणि मग बघते तर तुम्ही दोघं हसताय आणि तुमच्या नाकावरून पाणी ओघळतंय. मामा, आईनं माझ्या उभ्या आयुष्यात कधी चहा सांडलेला नाही. मी फक्त सांगून ठेवतेय.

आता मुख्य गोष्ट. हे पत्र मी हळूच खाली येऊन तुझ्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवणार आणि परत वर येणार. कोट आज धुवायला जाणार आहे, आणि पान दोनवर तूच लिहिलंस की खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्याला लावायचा नाही. म्हणजे तासाभरात तू हे वाचतोयस. उभा असशील तर बस.

आज सकाळी ईमेल आली. मला घेतलंय. शेवटच्या परीक्षेत त्यांनी सांगितलेले मार्क पडले की जागा माझी. मी दोनदा वाचली, मग मोठ्यानं वाचली, मग माळ्यावर चढले आणि आता तिथूनच लिहितेय. आनंद झाला तरी उंचावर जाते, हे आज कळलं.

अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, मॅडमना नाही. आईला तर नाहीच. नऊ वर्षं तू माझी एक गोष्ट तिच्यापासून पोटात ठेवलीस. ही गोष्ट मात्र ठेवायची नाही. हात पुस, बिटाचा वाद सोड आणि तिला तू सांग. मी वरून ऐकतेय.

बुडबुडी